पिटातला नायक

डोंगरीला राहतो असं सांगितलं की समोरचा माणूस एकदम सावध होतो. मुंबईतली डोंगरी, सँडहर्स्ट रोडजवळची, तिथलं जुनं तुरुंग, तिथले खरे-खोटे दादा लोक हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येतं. मग मला खुलासा करावा लागतो, की ती नव्हे, भाईंदरची. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, राई-मुर्धा-मोर्वा मागे टाकून उत्तनच्या दिशेनं यायचं, तिथली डोंगरी. या पट्ट्याला जुनी माणसं धारावी बेट म्हणतात, म्हणजे नावाचा घोटाळा इथंही आमची पाठ सोडत नाही. अलीकडे मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे आमचं नाव वर्तमानपत्रांत आलं, पण त्याआधी आमची डोंगरी कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

अशा या गावातून माझे बाबा चाळीसच्या दशकात परळला गिरणीत कामाला गेले. रोज ये-जा शक्य नव्हती. डोंगरीहून भाईंदर स्टेशन गाठायचं म्हणजे मिठागरांच्या बांधावरून चालत जायचं. तेव्हा सहा दिवस गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहायचं, खानावळीत जेवायचं आणि शनिवारी रात्री गावी यायचं असा त्यांचा शिरस्ता. पाळी सुटली की थिएटर. पडद्याच्या अगदी पुढ्यातल्या, सर्वांत स्वस्त जागेत, ज्याला ते शेवटपर्यंत 'पिट' म्हणत, तिथं मान वर करून त्यांनी पाहिलेले चित्रपट हीच त्यांची त्या वर्षांची कमाई. त्या चित्रपटांचा नायक एकच. भगवान.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते 'अलबेला'च्या आधीच्या भगवान यांच्याविषयी. 'अलबेला' सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा चित्रपट १९५१चा. त्यापूर्वी वीस वर्षं हा माणूस पडद्यावर होता, मारामाऱ्या करत होता, पडत होता, हसवत होता, दिग्दर्शन करत होता, आणि प्रतिष्ठित मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. त्या मंडळींत मीही होतो हे आधीच कबूल करतो. कॉलेजात असताना मी फिल्म सोसायटीचा सभासद झालो. रशियन, जपानी चित्रपट पाहून मी घरी यायचो आणि बाबा विचारायचे, "मारामारी कशी होती?" मला राग यायचा.

भगवान यांच्या आधी मास्टर विठ्ठल यांचं नाव घ्यायला हवं, कारण मुंबईच्या कष्टकरी प्रेक्षकाला नायक म्हणजे काय हे प्रथम शिकवलं ते विठ्ठल यांनी. मूकपटांच्या काळात आपल्याकडे अमेरिकन साहसपटांचं वेड होतं. एडी पोलो हा तिथला फार मोठा नट नव्हे, पण त्याच्या मालिका-चित्रपटांना इथं झुंबड उडे. डग्लस फेअरबँक्स तर देवच. त्याचा 'थीफ ऑफ बगदाद' १९२४चा. दोरावरून झोके घ्यायचे, भिंतीवरून उड्या मारायच्या, तलवार फिरवायची आणि हे सगळं हसत हसत करायचं, ही त्याची तऱ्हा. मूकपटाला भाषा नव्हती, तेव्हा लॉस एंजेलिसची उडी परळच्या माणसाला जशीच्या तशी कळत होती.

विठ्ठल कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. सुरुवातीला संकलनाच्या खोलीत काम केलं. पडद्यावर पहिल्यांदा आले ते 'कल्याण खजिना'त, तेही नर्तकी म्हणून! स्त्री-भूमिका पुरुषांनीच करायच्या हा नाटकाचा रिवाज तेव्हा सिनेमातही होता. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनं त्यांना 'रत्नमंजरी'त नायक केलं आणि मग तलवार, घोडा आणि उड्या हेच त्यांचं आयुष्य झालं. लोक त्यांना भारताचा डग्लस म्हणू लागले. १९३१ साली 'आलम आरा'साठी अर्देशिर इराणींनी याच विठ्ठलना निवडलं. शारदा कंपनीनं करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांची बाजू मांडायला कोर्टात कोण उभं राहिलं असेल? बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला विठ्ठल जिंकले.

आणि जिंकून हरले. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तेव्हा बोलपट हे आकर्षण होतं, आणि नायकाला नीट उर्दू बोलता येत नव्हतं. ज्या चित्रपटानं भारतीय पडद्याला आवाज दिला त्यात नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवावं लागलं! पुढे मराठीत त्यांनी भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'सारख्या चित्रपटांतून काम केलं, पण तो दरारा परत आला नाही. १९६९ साली ते गेले.

भगवान यांनी हे सगळं पाहिलं होतं. भगवान आबाजी पालव, जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. कुटुंब मुंबईला आलं आणि दादर-परळच्या गिरणी वस्तीत वाढलं. स्वतः भगवाननीही मजुरी केली. व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद होता, त्यातून पुढे 'दादा' ही पदवी चिकटली. म्हणजे पिटात बसून विठ्ठल आणि फेअरबँक्स पाहणारं पोर ते हेच. १९३०च्या आसपास मूकपट संपता संपता ते त्या जगात शिरले. 'बेवफा आशिक' हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. चेहरा नायकाचा नव्हता. ठेंगणा, जाडसर बांधा, गोल तोंड, निरागस डोळे. देखणेपणाच्या बाजारात शून्य किंमत. पण पडायची भीती नाही आणि कुठलंही काम करायची लाज नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी पुढची वीस वर्षं काढली.

१९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी 'बहादूर किसान'चं दिग्दर्शन केलं. तेव्हापासून १९४९पर्यंत ते एकामागून एक स्टंटपट काढत राहिले. हा शब्द तेव्हा थोडा शिवीसारखाच होता. त्या काळी परळलाच वाडिया मूव्हीटोन होतं, 'हंटरवाली' नादिया चाबूक फिरवत १९३५पासून गाजत होती, पण वाडियांकडे स्टुडिओ होता, पैसा होता. भगवान यांच्याकडे माणसं होती. त्यांचे चित्रपट पासष्ट हजारांच्या आसपास व्हायचे असं लिहिलं जातं. त्यात कथा तेच पाहत, नायकाचं किंवा विनोदवीराचं काम तेच करत, मारामाऱ्या तेच बसवत, नाच तेच बसवत, कपडेपट आणि युनिटचं जेवणही तेच बघत. आपण आज ज्याला 'अष्टपैलू' म्हणतो, तो बऱ्याचदा गरिबीचा गुण असतो. दुसऱ्याला द्यायला पैसे नाहीत म्हणून आठ पैलू!

स्वस्तात स्टंट कसा करायचा? याला एक शास्त्र होतं. कॅमेरा हातानं फिरवायचा तेव्हा कॅमेरामन हँडल जरा हळू फिरवी. फ्रेम कमी पडत, आणि पडद्यावर तीच मारामारी दुप्पट जोमाची दिसे. आवाज आल्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम ठरल्या, ही सोय बोलत्या प्रसंगात गेली. मग मारामारी मुकी चित्रित करायची आणि ढिशुम मागाहून चिकटवायचं. ठोसा लागायचा नाही, लागल्यासारखा दिसायचा. त्यासाठी एकाची पाठ कॅमेऱ्याकडे हवी, आणि दुसऱ्यानं अचूक क्षणी मान झटकायला हवी. खाली गवत, गाद्या. डमी नट ठेवायचा तर त्याला वेगळे पैसे, म्हणून नट स्वतःच उडी मारणार. चुकलं तर हाड मोडणार, आणि विमा हा शब्द त्या आवारात कुणी ऐकलेला नव्हता.

त्यात दुसरं महायुद्ध आलं. कच्ची फिल्म परदेशातून येई. सरकारनं १९४२मध्ये चित्रपटाच्या लांबीला ११ हजार फुटांची मर्यादा घातली, आणि पुढच्या वर्षी फिल्म मिळवायला परवाना लागू झाला. मिनिटाला नव्वद फूट या हिशेबानं ११ हजार फूट म्हणजे दोन तास आणि वर दोन मिनिटं. बड्या कंपन्यांनी कपाळाला हात लावला. पण एका टेकमध्ये शॉट ओके करायची सवय असलेल्या स्टंटपटवाल्यांना हे जमण्यासारखं होतं. त्याच वर्षी भगवान जागृती पिक्चर्स काढून निर्माते झाले. १९४७मध्ये त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. पिटातल्या पोरानं स्वतःचा स्टुडिओ काढला होता!

मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. मुंबईचा हा गिरणगावी माणूस मद्रासला जाऊन तमिळ चित्रपट दिग्दर्शित करून आला. भाषा येत नव्हती. 'जयक्कोडी' आणि १९४१चा 'वनमोहिनी'. 'वनमोहिनी'त जंगल होतं, हत्ती होता, आणि सिलोनची तवमणी देवी ही नायिका होती. हॉलिवूडच्या डोरोथी लामूरच्या जंगलकन्येची ती सरळसरळ नक्कल. या तमिळ चित्रपटांना संगीत देणारा तरुणही मराठी. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर. म्हणजे सी. रामचंद्र. संगीतकार म्हणून त्यांची सुरुवात भगवान यांच्याबरोबरची, आणि हिंदीतही पहिला चित्रपट भगवान यांचाच, १९४२चा 'सुखी जीवन'. दोघांची दोस्ती पुढे काय करून गेली हे आपल्याला माहीत आहे.

आता एक अवघड गोष्ट. ती वगळून भगवान यांच्याविषयी प्रेमानं बोलणं सोपं आहे, पण प्रामाणिक नाही.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एक प्रसंग होता, भगवाननी ललिता पवार यांना थोबाडीत मारायची. ललिताबाई तेव्हा नायिका होत्या. येवल्याची मुलगी, मूकपटांपासून काम करत आलेली, स्वतः गाणारी, स्वतः चित्रपट निर्माण केलेली. वय पंचवीस-सव्वीस. थोबाडीत जोरात बसली, खरोखरीची बसली. चेहऱ्याच्या त्या बाजूला अर्धांगवायूचा परिणाम झाला, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचार चालले तीन वर्षं. डोळा कायमचा बारीक झाला, आणि नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथं संपली.

पुढचं आपण अभिमानानं सांगतो. खाष्ट सासूच्या भूमिकांत त्या बारीक डोळ्याचंच त्यांनी शस्त्र केलं, 'रामशास्त्री'त आनंदीबाई केली, 'श्री ४२०'मधली केळेवाली केली, आणि १९८७मध्ये दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा. आमच्या डोंगरीत त्यांची सर्वांत लाडकी भूमिका म्हणजे 'अनाडी'मधली मिसेस डिसा, कारण अशी कडक बोलणारी आणि गुपचूप ताट वाढणारी एकेक बाई आमच्या चर्चमागच्या आळीत घरटी होती. पण हे सगळं आपण जितक्या गोड शब्दांत सांगतो तितकं ते गोड नाही. संकटाचं सोनं केलं म्हणून संकट माफ होत नाही. ठोसा लागू न देता कसा मारायचा हे ज्यांच्या हाताला माहीत होतं त्यांच्याच हातून हे घडलं. भगवान यांनी ते मुद्दाम केलं असं कुणीही म्हटलेलं नाही, खुद्द ललिताबाईंनीही नाही. स्वस्त चित्रपट म्हणजे तालमीला वेळ नाही, दुसऱ्या टेकला फिल्म नाही. त्या काटकसरीची किंमत त्या दिवशी एका बाईच्या चेहऱ्यानं भरली. बाबांना हे मी एकदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्याकडं पण साच्यात हात जायचे."

१९४९मध्ये 'भेदी बंगला' आला, भुताखेताच्या रहस्याचा, चांगला चालला. पण स्टंटपटांच्या शिक्क्यातून बाहेर यावं, सामाजिक विषय घ्यावा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि त्यातून 'अलबेला' झाला. नायिका गीता बाली. भगवान स्वतः निर्माते, दिग्दर्शक आणि नायक. कथा म्हणाल तर प्यारेलाल नावाच्या, रंगभूमीचं वेड घेतलेल्या एका गरीब घरच्या मुलाची. घरातून हाकलला जातो, मोठा नट होतो, घरी पैसे पाठवत राहतो आणि ते वाटेतच हडप होतात. दर महिन्याला गावी मनीऑर्डर करणाऱ्या गिरणी कामगारांना ही गोष्ट परकी कशी वाटेल?

आणि संगीत! सी. रामचंद्रांनी गोव्याच्या ब्रास वादकांना पुढं आणलं. त्यांचे सहायक होते ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, मूळचे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. भगवानसाठी गाणारा आवाजही संगीतकाराचाच, 'चितळकर' या नावानं. आमच्याकडं ख्रिस्ती घरांतल्या लग्नांना ब्रास बँड असतो. 'अलबेला'नंतर कितीतरी वर्षं त्या बँडला याच चित्रपटाच्या चाली वाजवाव्या लागत. त्याशिवाय वरात पुढं सरकायची नाही. वरातीत हिंदू-ख्रिस्ती सगळेच नाचत, आणि सगळे एकच नाच नाचत. तो नाच भगवान यांचा. पाय फारसे उचलायचे नाहीत, कोपरं अंगाशी, खांदे सैल, एक हात वर आणि तोंडावर असा भाव की जणू हे सगळं आपोआप होतंय. ज्याला नाचता येत नाही त्यालाही तो जमतो. हॉलिवूडच्या उड्या पाहून वाढलेल्या माणसानं शेवटी असा नाच काढला की जो थकलेला माणूसही पाळी सुटल्यावर करू शकेल. पुढे अमिताभ बच्चनपासून अनेकांनी तो उचलला.

मी 'अलबेला' पाहिला तो साठच्या दशकात, शाळेच्या मैदानावर, दोन बांबूंना बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. खाडीकडून वारा आला की गीता बालीचा चेहरा फुगायचा. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं कापडाच्या मागे बसलो. आख्खा चित्रपट उलटा पाहिला, भगवान डाव्या हातानं सलाम करत होते.

त्यानंतरची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती जितक्या वेळा सांगितली जाते तितकी मला ती आवडत नाही. १९५३चा 'झमेला' 'अलबेला'इतका चालला नाही. पुढे पैसा गेला. जुहूचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी आणि शेवटी पुन्हा दादरची चाळ. ही गोष्ट आपल्याकडे किस्त्यासारखी सांगतात आणि ऐकणारा सुस्कारा सोडून सुखावतो. मला यात एवढंच दिसतं की हा माणूस काम करायचा थांबला नाही. 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' यांत चांगल्या भूमिका केल्या, किशोरकुमारला घेऊन 'भागम भाग' काढला, आणि नंतर मिळेल ते, दोन मिनिटांचं, एका नाचाचं काम घेतलं. सुरुवातीलाही त्यांनी हेच केलं होतं. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबत आणि दादा खाली उतरून नाचत, असं दादरची माणसं सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ला ते गेले. २०१६मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्यावर आला. मंगेश देसाईंनी भगवान केले, विद्या बालननं गीता बाली.

पण 'अलबेला'आधीचं काम? ते बहुतेक आज कुठं पाहायलाच मिळत नाही. 'आलम आरा'ही मिळत नाही, तर स्टंटपटांना कोण विचारतो! ती फिल्म नायट्रेटची. भस्सकन पेटणारी. गोदामात ठेवायची तर भाडं, आणि चालून गेलेल्या चित्रपटाचं भाडं कोण भरणार? शिवाय फिल्मवर चांदी असते. जुनी रिळं धुऊन चांदी काढणारे होते, त्यांना विकली की चार पैसे मिळत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ला सुरू झालं तोपर्यंत फार उशीर झाला होता. प्रतिष्ठित चित्रपटांचीही गय झाली नाही, मग पिटासाठी काढलेल्या चित्रपटांची कुठून होणार?

नव्वदच्या दशकात बाबा म्हणायचे, "दादरला जाऊन त्या भगवानला एकदा भेटून येऊ. नुसतं बघू." मी हो म्हणायचो. शाळेच्या परीक्षा, मग पाऊस, मग गुडघे. आम्ही गेलो नाही. भगवान गेल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते. त्या दुपारी त्यांनी मला एक चित्रपट सांगितला. नाव आठवत नव्हतं. भगवान झाडावर बसलेला आहे, खालून सावकाराचा टांगा चालला आहे, तो उडी मारतो, टांगा चुकतो, गवतात पडतो, उठतो, धावत जाऊन घोड्याच्या पुढं उभा राहतो आणि घोड्यालाच सलाम करतो. "आख्खं थिएटर उभं राहिलं," बाबा म्हणाले. मी वही काढली आणि लिहून घेतलं. फिल्म सोसायटीत असताना मी परदेशी दिग्दर्शकांवर वह्याच्या वह्या भरल्या होत्या. बाबांच्या चित्रपटांसाठी काढलेली ही पहिली वही.

तो चित्रपट कोणता ते मी पुष्कळ शोधलं. कदाचित दोन चित्रपट त्यांच्या डोक्यात एक झाले असतील. उडी कदाचित भगवानची नसेलच, विठ्ठलची असेल, किंवा आणखी कुणाची. पुढच्या दोन वर्षांत वहीत असे अकरा प्रसंग जमले. शेवटचा अर्धा आहे. भगवान भिंतीवर चढलाय, पलीकडे काय आहे ते बाबांना आठवेना. "उद्या सांगतो," म्हणाले.